पावसाळ्यानंतरचा समुद्र : प्राणवायूची टंचाई आणि मासळी

मासा पाण्यात राहतो, सबब त्यास हवेची गरज नसावी, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुस्थिती अशी आहे की, जमिनीवरील प्राण्यांप्रमाणेच माशालाही प्राणवायू लागतो. फरक एवढाच की, तो त्याला पाण्यात विरघळलेल्या स्वरूपात कल्ल्यांच्या द्वारे घ्यावा लागतो. आणि पाण्यापाशी हा वायू फार थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. आपल्या किनाऱ्यावरील उबदार खाऱ्या पाण्यात मात्र, ते हवेशी कितीही घुसळले गेले तरी, लिटरमागे साडेचार मिलिलिटरच्या आसपासच प्राणवायू मावतो. म्हणजे हवेच्या मानाने पंचेचाळिसावा हिस्सा. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशेपट जड. हे जड पाणी सतत कल्ल्यांवरून ढकलून त्यातील चिमूटभर प्राणवायू वेचून काढणे, हाच माशाचा अहोरात्र चाललेला उद्योग होय. त्यात थोडीही तूट आली की त्याची काय अवस्था होत असेल, याची कल्पना यावरून करता येईल.

ज्यांनी आपल्या शेततळ्यात कटला, रोहू, मृगळ यांचे मत्स्यबीज सोडलेले आहे, त्यांनी ही अवस्था प्रत्यक्ष पाहिलीही असेल. चार-सहा दिवस आभाळ भरून राहिलेले असते, तळ्यात शेणखत जरा सढळ हाताने पडलेले असते, पाण्याला गडद हिरवा रंग चढलेला असतो आणि एखाद्या पहाटे सारे मासे पृष्ठभागी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. त्यांना भूक लागली आहे असे समजून कोणी खाद्य टाकले, तर ते त्यांच्या जिवावर बेतते. दिवसा पाण्यातील हिरव्या सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात. रात्री त्याच वनस्पती, मासे आणि तळाशी कुजणारे शेण हे सर्व मिळून तो संपवितात. उजाडण्यापूर्वीची वेळ ही सर्वांत टंचाईची. अशा प्रसंगी खाद्य व खत ताबडतोब बंद करावे, ताजे पाणी उंचावरून फवाऱ्यासारखे सोडावे, अथवा पंपाने तळ्याचेच पाणी उचलून पुन्हा तळ्यात आपटू द्यावे. चांगले ऊन पडले की मासे आपोआप खाली जातात. त्याच तळ्यातील मरळ मात्र या सगळ्या गडबडीत निर्धास्त असतो, कारण त्याला कल्ल्यांखेरीज हवेतून श्वास घेण्याचे निराळे इंद्रिय लाभलेले आहे.

तळ्यात जे एका रात्रीत घडते, ते समुद्रात काही ठिकाणी दरसाल काही महिने आणि काही ठिकाणी बारमाही घडत असते. आपल्या अरबी समुद्रात हे दोन्ही प्रकार आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचीच माहिती द्यावयाची आहे. कारण पहिल्या प्रकाराचा संबंध कोकणपट्टीच्या मासळीशी, आणि काही अंशी आपल्या भातखाचरांशीही, पोहोचतो.

समुद्राच्या पोटातील पट्टा

समुद्राला प्राणवायू दोन वाटांनी मिळतो. एक, लाटांच्या घुसळणीने हवेतून. दुसरी, ऊन पोहोचते तेवढ्या थरातील सूक्ष्म वनस्पतींकडून. या दोन्ही वाटा वरच्या थरातच संपतात. खाली सतत झिरपत असतो तो मेलेल्या वनस्पतींचा, प्राण्यांच्या विष्ठेचा आणि अवशेषांचा चुरा. रानात पाचोळा पडत राहावा तसा हा पाचोळा समुद्रात अखंड पडत असतो, आणि तो कुजविताना जीवाणू प्राणवायू खर्च करीत असतात. अगदी तळाशी, हजारो मीटरांवर, पुन्हा प्राणवायू सापडतो. कारण ध्रुवप्रदेशाकडील थंड व प्राणवायूने भरलेले पाणी बुडी मारून तळातळाने दूरवर पसरते. ओढ बसते ती मधल्या थराला. त्याला ना वरून पुरेसे मिळते, ना खालून.

असा मधला थर सर्वच महासागरांत थोडाबहुत आहे. पण अरबी समुद्रातील हा पट्टा जगातील सर्वांत जाड व सर्वांत कंगाल पट्ट्यांपैकी एक गणला जातो. सुमारे १५० मीटरपासून १,००० मीटरपर्यंत, कोळी बांधवांच्या मोजणीने ८० वावांपासून साडेपाचशे वावांपर्यंत, त्याचा विस्तार आहे, आणि त्याच्या गाभ्यात प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. याची कारणे दोन. मोसमी वाऱ्यांमुळे या समुद्राचा वरचा थर अतिशय सुपीक आहे, म्हणून वरून पडणारा पाचोळाही भरपूर. दुसरे असे की, या समुद्राची उत्तर बाजू आशिया खंडाने बंद केलेली आहे. उत्तर ध्रुवाकडील थंड पाणी येथे येऊ शकत नाही. दक्षिणेकडून जे येते ते इतका लांबचा प्रवास करून येते की, वाटेतच त्यातील बराच प्राणवायू खर्ची पडलेला असतो.

ही गोष्ट नव्याने कळलेली नव्हे. १९३३-३४ साली जॉन मरे मोहिमेतील शास्त्रज्ञ सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली 'मबाहिस' या इजिप्तच्या जहाजातून अरबी समुद्रात हिंडले, तेव्हाच या मधल्या थरातील प्राणवायूची तूट त्यांच्या नोंदीत आली होती. १९५९ साली कॅरुथर्स, गोगटे, नायडू व लेवास्तु या चौघांनी 'नेचर' या नियतकालिकात असे दाखवून दिले की, मुंबईसमोर हा प्राणवायूहीन थर किनाऱ्याच्या दिशेने वर चढत येतो व त्याचा मासेमारीशी संबंध आहे. त्याच सुमारास कोचीन येथे काम करणारे कार्ल बान्झे यांना आढळले की, असे पाणी उथळ समुद्राच्या तळावर पसरले म्हणजे तळाशी राहणारी मासळी तो भाग सोडून जाते. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली, आणि तिच्यातूनच १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. गोव्यात दोना पावला येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेने १९९७ पासून कांदोळीसमोर, किनाऱ्यापासून सुमारे दहा किलोमीटरांवर, एकाच ठिकाणच्या पाण्याचे नमुने पुनःपुन्हा घेऊन प्राणवायूचा हिशेब ठेवला. कोकणच्या समुद्राविषयी पुढे जे सांगितले आहे त्यातील पुष्कळसे या चिकाटीच्या कामामुळे कळलेले आहे.

मोसमी वाऱ्यांची दुहेरी करणी

मधला पट्टा खोल समुद्रात असतो, तोवर मच्छीमारास त्याचे फारसे सोयरसुतक नसते. पावसाळ्यात मात्र तो दाराशी येतो.

नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की पश्चिम किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहू लागतो, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर सारले जाते, आणि त्याची जागा भरून काढण्यासाठी खालचे थंड, प्राणवायूहीन पाणी वर येऊन किनाऱ्यालगतच्या उथळ भागावर चढते. ही क्रिया प्रथम केरळसमोर सुरू होते व हळूहळू उत्तरेकडे सरकत गोवे व कोकणपर्यंत येते. हे खालचे पाणी प्राणवायूच्या बाबतीत दरिद्री असले तरी खताच्या बाबतीत श्रीमंत असते. खोल समुद्रात कुजलेल्या पाचोळ्यातील नत्र व स्फुरद त्यात साठलेला असतो. तो उन्हाच्या थरात आला की सूक्ष्म वनस्पतींचे अमाप पीक येते. तारली, पेडवे, बांगडा यांचे थवे याच पिकावर पोसतात. तेव्हा या पाण्याला सरसकट शत्रू ठरविणे योग्य नव्हे. समुद्राला दरसाल मिळणारी ती खतपाण्याची पाळीच आहे.

अडचण उद्भवते ती दुसऱ्या करणीमुळे. त्याच मोसमात कोकणपट्टीवर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळत असतो. तेरेखोल, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मांडवी, जुवारी अशा आखूड पण वेगवान नद्या ते पाणी समुद्रात ओततात. गोडे पाणी हलके. ते खाऱ्या पाण्यात लगेच मिसळत नाही, तर पाच-दहा मीटर जाडीचा तवंग होऊन वर पसरते. भांड्यावर झाकण ठेवावे तसा हा तवंग बसतो. त्याखालच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वरून सूक्ष्म वनस्पतींचा पाचोळा पडतो आहे, खाली तो कुजतो आहे, आणि आधीच थोडका असलेला प्राणवायू दिवसेंदिवस घटतो आहे, असा हा क्रम जूनपासून चालू राहतो व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टोकाला पोहोचतो. त्या सुमारास कर्नाटक, गोवे व दक्षिण कोकण यांसमोरच्या उथळ समुद्रात, जेथे एकूण खोली पंचवीस-तीस मीटर आहे अशा ठिकाणीही, तळाच्या पाण्यात प्राणवायू उरत नाही.

पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात ज्या भागातील प्राणवायू लिटरमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली, म्हणजे भरल्या पाण्याच्या नवमांशाखाली, जातो, त्याचे क्षेत्रफळ शास्त्रज्ञांनी सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर दिले आहे. महाराष्ट्र राज्याच्या निम्म्याहून हे अधिक झाले. पृष्ठभागावर यातले काहीच दिसत नाही. लाटा नेहमीसारख्या, पाणी नेहमीसारखे. उलट हिरवट रंगामुळे ते अधिकच सकस भासते.

खाचरातील चिखल आणि समुद्राचा तळ

प्राणवायू संपल्यावर समुद्राच्या तळाशी काय घडते, हे समजण्यास भातशेती करणाऱ्यास पुस्तकाची गरज नाही. पाण्याखालच्या खाचरातील चिखल त्याला परिचयाचा आहे. वरची बोटभर माती तांबूस असते, तिच्याखालची निळसर-काळी. पायाने ढवळली तर बुडबुडे येतात, आणि हिरवळीचे खत अर्धवट कुजलेले असले तर सडक्या अंड्यासारखा दर्प येतो. खालच्या मातीत प्राणवायू नसतो. तेथील जीवाणू मग कुजविण्याच्या कामासाठी नायट्रेटमधील प्राणवायू ओढून घेतात आणि राहिलेला नत्र वायुरूपाने हवेत उडून जातो. भातास वरून फेकलेल्या युरियाचा मोठा भाग पिकास का लागत नाही, याचे हे एक कारण आहे.

अगदी हाच व्यवहार समुद्रात, पण अवाढव्य प्रमाणावर, चालतो. अरबी समुद्राच्या मधल्या पट्ट्यात जीवाणू नायट्रेट फोडून इतका नत्र वायुरूप करतात की, साऱ्या जगातील महासागरांच्या अशा नत्रनाशात या एका समुद्राचा वाटा फार मोठा मानला जातो. या क्रियेत नायट्रस ऑक्साइड नावाचा वायूही बाहेर पडतो व तो पृथ्वीची उष्णता कोंडून धरणाऱ्या वायूंपैकी आहे. २००० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे सय्यद वाजीह नक्वी व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेल्या निबंधात, आपल्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून पावसाळ्याअखेर हा वायू मोठ्या प्रमाणात निघत असल्याचे दाखविले होते.

नायट्रेटही संपले म्हणजे शेवटची पायरी येते. जीवाणू समुद्राच्या पाण्यात विपुल असलेल्या सल्फेटकडे वळतात, आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. खाचरातील तो सडक्या अंड्याचा दर्प हाच. खाचरात तो भाताच्या मुळ्या काळ्या पाडतो. पाण्यात तो माशास अल्प प्रमाणातही प्राणघातक ठरतो. प्राणवायूच्या टंचाईत मासा गुदमरतो, पण त्यातून पळून जाण्यास त्याला काही अवधी तरी मिळतो. या विषाबाबत तेवढीही सवलत नाही.

मासळीवर होणारे परिणाम

पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमहून कमी प्राणवायू राहिला म्हणजे ते पाणी टंचाईचे समजण्याचा प्रघात आहे. ही रेषा सर्व माशांना सारखी लागू पडत नाही. कुपा, गेदर यांसारखे वेगाने पोहणारे मासे तिच्या कितीतरी अगोदर अस्वस्थ होतात, कारण त्यांचे शरीर म्हणजे सदैव तापलेले इंजिन. उलटपक्षी, खोल समुद्रातील काही चिमुकले कंदीलमासे दिवसभर त्या मधल्या कंगाल पट्ट्यात मुक्काम करतात, हालचाल कमीत कमी ठेवतात, आणि अंधार पडला की खाण्यासाठी वर येतात. शत्रूला श्वास घेता येत नाही अशा जागी लपून बसण्याची ही युक्ती मोठी मौजेची आहे.

सामान्य मासा मात्र ठरावीक क्रमाने वागतो. प्रथम तो कल्ले अधिक जोराने हलवितो. मग खाणे कमी करतो, कारण पचनालाही प्राणवायू लागतो. वाढ खुंटते. अंड्यांचे प्रमाण घटते. मेक्सिकोच्या आखातातील प्राणवायूहीन भागात क्रोकर नावाच्या माशाचा अभ्यास झाला. हा मासा आपल्याकडील घोळ व ढोमी यांच्याच कुळातला. तेथील माद्यांच्या अंडाशयात नराचे लक्षण असलेल्या पेशी आढळल्या, असे २०१२ साली प्रसिद्ध झाले आहे. मासा मेला नाही, जाळ्यातही दिसतो आहे, पण त्याची पुढची पिढी आतल्या आत खुंटते आहे, असा हा प्रकार. मेलेल्या माशांच्या राशीपेक्षा तो अधिक चिंतेचा वाटतो, कारण तो कोणाच्या नजरेस येत नाही.

ज्याला पोहता येते तो निघून जातो. लेपा, ढोमी, कोळंबी, कुर्ली ही तळाची मंडळी किनाऱ्याच्या दिशेने उथळ पाण्यात सरकतात किंवा टंचाईच्या पट्ट्याबाहेर जातात. पाण्याच्या मधल्या थरात राहणारे मासे वर चढतात. ज्यांना जागा सोडता येत नाही, असे चिखलातील कृमी, शिंपले व त्यांची पिले, ती बहुसंख्येने मरतात. तळाच्या माशांचे ते अन्नच असल्यामुळे, प्राणवायू परत आल्यावरही तो भाग काही काळ ओसाड राहतो.

भरलेल्या जाळ्याचा अर्थ

येथे एका गोष्टीकडे मच्छीमार सहकारी संस्थांचे व गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. नारळी पौर्णिमेनंतर मोसम सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कधी कधी वीस-तीस वाव पाण्यात ओढलेले जाळे रिकामे येते, आणि त्याच आठवड्यात किनाऱ्याजवळ मात्र मासळीची झुंबड उडालेली असते. मासळी वाढली, यंदा दर्या उदार झाला, असे त्यावरून बोलले जाते. यामागे इतर कारणे असू शकतात, आणि प्रत्येक भरघोस ओढीमागे हेच कारण आहे असे कोणी समजू नये. परंतु पुष्कळदा ही मासळी वाढलेली नसून दाटीने उभी असते. घरात पाणी शिरल्यावर सारे कुटुंब माळ्यावर चढून बसावे तशी ती अरुंद जागेत कोंडलेली असते. एरवी शंभर हातांत पसरलेले मासे दहा हातांत आले, तर जाळे भरणारच.

उघड्या महासागरातही हेच दिसून आले आहे. अटलांटिक महासागराच्या उष्ण भागात, आफ्रिकेच्या बाजूस, मार्लिनसारखे मोठे मासे खालच्या प्राणवायूहीन थरामुळे वरच्या पातळ थरात दाबले जातात व तेथे ते मासेमारी जहाजांच्या हाती अधिक सहज लागतात. पकड चांगली दिसते, म्हणून साठा चांगला आहे असे गृहीत धरले जाते. हिशेबातील ही चूक समुद्रावर कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते तेव्हा साठा बराच खालावलेला असतो.

म्हणून या दोन महिन्यांत किनाऱ्याजवळ लहान आसाचे जाळे टाकून दाटीतली पिल्ले काढणे, हे बियाण्याच्या कणगीत हात घालण्यासारखे आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. त्याचा उपयोग सबंध वर्षभर असला तरी पावसाळ्याअखेरच्या दाटीत तो सर्वाधिक आहे. आणखी एक साधी गोष्ट करता येईल. तारीख, खोली वावांत, जाळ्याचा प्रकार, आणि तळाचे जाळे रिकामे आले की भरलेले, एवढी नोंद प्रत्येक संस्थेने एका वहीत ठेवावी. गाळ वर आल्यास त्याचा रंग व वास हेही लिहावे. मृत मासे किनाऱ्यास लागल्यास मत्स्यव्यवसाय खात्यास त्याच दिवशी कळवावे. दोन दिवसांनी घेतलेल्या पाण्याच्या नमुन्यावरून फारसे काही सांगता येत नाही.

जमिनीवरून येणारा नत्र

आता शेतकऱ्याच्या वाट्याचा प्रश्न. आपल्याकडील ही टंचाई मुख्यतः निसर्गाची आहे; मोसमी वारे जितके जुने तितकी ती जुनी. पण जगात इतरत्र माणसाने स्वतःच्या हाताने असे मृत पट्टे निर्माण केले आहेत. २००८ साली झालेल्या एका मोजणीत अशी चारशेहून अधिक ठिकाणे भरली होती. मेक्सिकोच्या आखातात मिसिसिपी नदीच्या मुखाशी दर उन्हाळ्यात असा पट्टा पडतो. अमेरिकेच्या मका पिकविणाऱ्या प्रांतांतून वाहून आलेले नायट्रेट हे त्याचे मुख्य कारण. २०१७ साली तो २२,७०० चौरस किलोमीटरांच्या वर गेला होता.

काळ्या समुद्राची हकीकत अधिक बोलकी आहे. डॅन्यूब नदीच्या मुखाजवळील उथळ भागात १९७० नंतर खतांचा व सांडपाण्याचा लोट वाढला आणि १९८० च्या दशकात सुमारे ४०,००० चौरस किलोमीटरांपर्यंतचा तळ प्राणवायूविना राहू लागला. १९९० नंतर पूर्व युरोपातील राजवटी कोसळल्या, खतांवरील सरकारी साहाय्य बंद झाले, खतांचा वापर एकाएकी घटला. आणि काही वर्षांतच मृत पट्टा आक्रसला. कोणी योजना आखून हा प्रयोग केला नव्हता, आणि शेतकऱ्याला कंगाल करून समुद्र वाचविणे हा काही उपाय नव्हे. तरी नत्राचा लोट थांबला तर समुद्र सावरू शकतो, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

कोकणात नद्यांवाटे येणाऱ्या नत्राने नैसर्गिक टंचाईत किती भर घातली, याविषयी शास्त्रज्ञांचे एकमत नाही. १९९९ सालच्या निरीक्षणांवरून ती वाढत असल्याचे मत मांडले गेले. पुढील वर्षांच्या नोंदींत मात्र काही साली ती तीव्र तर काही साली सौम्य आढळली. मुंबईच्या माहीम खाडीसारख्या ठिकाणी शहरी सांडपाण्याने प्राणवायू घटतो, याविषयी मात्र वाद नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने या वादाच्या निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. खाचरातून वाहून गेलेल्या युरियाचे पैसे त्याने आधीच मोजलेले असतात.

कोकणच्या मुसळधार पावसात भातास एकाच वेळी युरिया फोकून देणे म्हणजे तो नदीच्या स्वाधीन करणे होय. खत विभागून द्यावे; मोठ्या पावसाचा अंदाज असता देऊ नये; देण्यापूर्वी खाचरातील पाणी कमी करून बांधाची तोंडे बंद करावीत. चारसूत्री लागवडीत युरिया व डीएपी यांच्या २.७ ग्रॅम वजनाच्या गोळ्या वापरतात. नियंत्रित अंतरावर लावलेल्या दर चार चुडांच्या मधोमध एक, या हिशेबाने ती ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचतात. हेक्टरी अशा सुमारे ६२,५०० गोळ्या, म्हणजे १७० किलोच्या आसपास खत लागते. मजुरी अधिक पडते हे खरे, आणि ती तक्रार रास्त आहे. पण खत त्या काळ्या, प्राणवायूहीन चिखलात अमोनियाच्या रूपात अडकून राहते, त्याचे नायट्रेट होत नाही, म्हणून ते वाहतही नाही व उडूनही जात नाही. जो चिखल फोकलेल्या खताचा नाश करतो, तोच खोचलेल्या खताचे रक्षण करतो. गिरिपुष्पाच्या हिरव्या पाल्याची जोड दिल्यास रासायनिक नत्र आणखी कमी लागतो.

हवामानाचा भाग कोणा एका गावाच्या हाती नाही. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि वरचा थर हलका होऊन झाकण अधिक घट्ट बसते. १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत जगातील महासागरांचा सुमारे दोन टक्के प्राणवायू घटल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत आढळले. दोन टक्के ही सरासरी आहे. जेथे आधीच काठावर आहे तेथे तेवढी घटही जाणवते, आणि अरबी समुद्र त्यांपैकीच आहे.

ऑक्टोबर सरत आला की मोसमी वारे मागे फिरतात. किनाऱ्यालगतचा प्रवाह दिशा बदलून उत्तरेकडे वाहू लागतो, वर चढलेले थंड पाणी पुन्हा खोल उतरते, नद्यांचे पाणी ओसरल्यामुळे गोड्या पाण्याचे झाकण विरते. नोव्हेंबरपासून तळास प्राणवायू मिळू लागतो व डिसेंबरपर्यंत कांदोळीसमोरील पाणी वरपासून खालपर्यंत सारखे होते. चिखलात प्रथम बारीक कृमी येतात, मग त्यांना खाणारी कोळंबी व कुर्ली, आणि त्यांच्या मागोमाग ढोमी व लेपा पुन्हा आपल्या जुन्या खोलीवर उतरतात.